काबूलची संगीतशाळा

प्राथमिक शाळेच्या भूगोलात अफगाणिस्तान हा देश विद्यार्थ्यांना भेटतो तो उंच डोंगर, सुकामेवा आणि हिंग ह्यांच्या संगतीत. वर्तमानपत्रांत तो भेटतो युद्धाच्या बातम्यांतून. ह्या दोन ओळखींखेरीज त्या देशाची तिसरीही एक ओळख आहे आणि ती आपल्या मुलांना सर्वांत जवळची वाटावी अशी आहे. काबूलमधील उस्ताद आपल्या शिष्याला स्वर शिकवतो ते सा, रे, ग, म ह्याच अक्षरांनी. त्याच्या साथीला तबला असतो. तो भैरवी गातो, यमन गातो, पिलू गातो. शब्द मात्र फारसीचे किंवा पुश्तूचे असतात.

हे साम्य योगायोगाने आलेले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमीर शेर अली खान ह्याने हिंदुस्थानातून गायक-वादक काबूलला नेले आणि त्यांना आश्रय दिला. त्यांच्या वंशजांचा मोहल्ला ‘खराबात’ ह्या नावाने प्रसिद्धीस आला. त्या मोहल्ल्याने पुढे काबूलला पिढ्यान्‌पिढ्या गवई पुरविले. विसाव्या शतकातील अफगाण गायकांत अग्रगण्य मानले गेलेले उस्ताद मोहम्मद हुसेन सराहंग (१९२४–१९८३) ह्यांची तालीम पतियाळा घराण्याच्या उस्ताद आशिक अली खान ह्यांच्याकडे झाली होती. बेदिल ह्या कवीच्या गझला गाण्यासाठी सराहंग विशेष नावाजले जात. हा बेदिल जन्मला पाटण्यात आणि वारला दिल्लीत. त्याची काव्यभाषा फारसी. पाटण्याच्या कवीची गझल पतियाळ्याच्या ढंगाने काबूलात गायली जावी, ह्याहून संस्कृतींच्या देवाणघेवाणीचे बोलके उदाहरण शोधून सापडणे कठीण.

ही देवाणघेवाण एकमार्गी नव्हती. आपल्याकडील सरोद हे वाद्य अफगाण रबाबापासून विकसित झाले असे सर्वसाधारणपणे मानले जाते. पठाण वादकांची घराणी हिंदुस्थानात येऊन स्थायिक झाली तेव्हा त्यांनी रबाब बरोबर आणला. रबाब तुतीच्या लाकडाचा एकच ओंडका कोरून घडवितात. त्याच्या पोटावर बकऱ्याचे कातडे ताणून बसवलेले असते. मुख्य तारा तीन. त्या पूर्वी आतड्याच्या असत, आता नायलॉनच्या असतात. त्यांच्या बाजूला तरफेच्या धातूच्या तारा असतात. वादक मुख्य तार छेडतो तेव्हा त्या आपोआप झंकारतात. आतड्याच्या तारेचा नाद भरदार खरा, पण लवकर विरणारा. आलापातील लांब मींड त्यावर टिकत नाही. म्हणून हिंदुस्थानी वादकांनी तारा धातूच्या केल्या, पट्टीवर पोलादी पत्रा चढवला आणि पडदे काढून टाकले. रबाबाचा सरोद झाला तो असा. दोन्ही वाद्ये एकापाठोपाठ एक ऐकली तर एकाच घरातील दोन भावंडांचे आवाज ऐकल्यासारखे वाटते.

अशा ह्या भूमीत संगीतावर बंदी आली. १९९६ साली तालिबानने काबूल घेतले, त्यानंतर पाच वर्षे वाद्यवादन हा गुन्हा ठरला. वाद्यांच्या साथीवाचून म्हटलेल्या धार्मिक व स्तुतिपर रचना तेवढ्या चालत. ध्वनिफिती जप्त होत आणि त्यांतील फीत ओढून खांबांवर लटकविली जाई. बरेच उस्ताद पेशावरला गेले, काही त्याहून दूर देशी गेले. २००१ च्या अखेरीस ती राजवट कोसळली तेव्हा संगीत ऐकण्याची मोकळीक परत आली; शिकवणाऱ्यांची साखळी मात्र मध्येच तुटलेली होती. गुरूच्या घरी राहून शिकण्याच्या विद्येत मधल्या एका पिढीचे नुकसान किती खोल जाते, हे आपल्याकडील घराण्यांचा इतिहास ठाऊक असलेल्यांना सांगावयास नको.

ही साखळी पुन्हा जोडण्याचा विचार ज्यांच्या मनात आला त्या डॉ. अहमद सरमस्त ह्यांचा पूर्वेतिहास येथे सांगणे अगत्याचे आहे. त्यांचे वडील उस्ताद सलीम सरमस्त हे अफगाणिस्तानातील नामांकित संगीतकार व वाद्यवृंदाचे संचालक होते. मुलाने मॉस्कोत संगीताचे उच्च शिक्षण घेतले. मायदेशी यादवी पेटल्यामुळे परत जाणे अशक्य झाले आणि ऑस्ट्रेलियाने त्यांना आश्रय दिला. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात अफगाण संगीताच्या इतिहासावर संशोधन करून त्यांनी २००५ साली डॉक्टरेट मिळविली. म्हणजे हा मनुष्य स्वतःच परदेशी आधाराने उभा राहिलेला तरुण संगीतज्ञ. दोन परक्या देशांनी त्याला जे दिले ते घेऊन तो २००८ साली काबूलला परतला. परदेशी शिकलेली माणसे परत येत नाहीत अशी तक्रार सर्वत्र ऐकू येते. ती पुष्कळदा खरीही असते. येथे ती खोटी ठरली.

२०१० साली ‘अफगाणिस्तान राष्ट्रीय संगीत संस्था’ रीतसर उघडली. ही शाळाच होती. गणित, भाषा, विज्ञान हे नेहमीचे विषय आणि त्यांच्या जोडीला संगीत, असा तिचा अभ्यासक्रम. मुलगे आणि मुली एका वर्गात बसत. काही मुले रबाब, घिचक, सतार, तबला, दिलरुबा शिकत. काही व्हायोलिन, चेलो, पियानो, बासरी. अफगाण उस्तादांबरोबर भारतातून आणि पाश्चात्त्य देशांतून आलेले शिक्षकही तेथे शिकवीत. वाद्ये बाहेरच्या देशांनी दिली, पैसाही बव्हंशी बाहेरून आला.

जागांपैकी निम्म्या जागा अनाथ आणि रस्त्यावर राबणाऱ्या मुलांसाठी राखून ठेवलेल्या होत्या. काबूलच्या चौकांत प्लास्टिकच्या पिशव्या, च्युइंगगम, उकडलेली अंडी विकणारी ही मुले. ग्रामीण शाळेतील कोणत्याही शिक्षकास पुढची अडचण लगेच कळेल. मूल शाळेत आले की घरची मिळकत बुडते, आणि म्हणून ते हजेरीपटावर असते पण वर्गात नसते. संस्थेने ह्यावर सरळ उपाय योजला. अशा मुलांच्या कुटुंबांना बुडालेल्या मिळकतीबद्दल दरमहा सुमारे ३० डॉलर दिले जाऊ लागले. परदेशी देणगीचा ह्याहून चोख विनियोग कोणता असू शकतो? वाद्य फुकट दिले म्हणजे गरीब मुलाची सोय झाली असे देणाऱ्याला वाटते. वाद्य वाजविण्यास लागणारा वेळ त्याच्यापाशी आहे की नाही हे कोणी पाहत नाही.

आता संगीताकडे वळू. रबाब आणि व्हायोलिन एकत्र वाजवायचे म्हणजे नेमके काय करायचे? पाश्चात्त्य वाद्यवृंदात एकाच वेळी अनेक स्वरांचा मेळ उभा राहतो. प्रत्येक वादकासमोर लिखित स्वरलिपी असते. अफगाण आणि हिंदुस्थानी संगीतात एकच सुरावट असते, तिच्यामागे अखंड षड्ज असतो, आणि वादक ती ऐकून, स्मरणात ठेवून वाजवतो. दोघांनाही आपापली सवय थोडी बाजूस सारावी लागते. रबाब वाजविणाऱ्याने स्वरलिपी वाचावयास शिकले पाहिजे. व्हायोलिन वाजविणाऱ्याने सात मात्रांचा मोगोली ताल अंगात भिनविला पाहिजे. हा ताल तीन-दोन-दोन असा चालतो. रूपक जाणणाऱ्याला तो अवघड जाणार नाही, पण चार-चारच्या चालीत वाढलेल्या वादकाचा पाय हमखास चुकतो. हा चुकलेला पाय दुरुस्त करण्याचे काम काबूलात बहुधा शेजारच्या खुर्चीवरील विद्यार्थी करी. परस्परांची समजूत वाढते असे आपण मोघमपणे म्हणतो. तालमीच्या खोलीत तिचे स्वरूप इतके साधे असते.

फेब्रुवारी २०१३ मध्ये ह्या विद्यार्थ्यांचा वाद्यवृंद अमेरिकेत गेला. वॉशिंग्टनचे केनेडी सेंटर आणि न्यूयॉर्कचे कार्नेगी हॉल ह्या दोन्ही ठिकाणी त्यांचे वादन झाले. इटालियन रचनाकार व्हिवाल्डी ह्याच्या चार ऋतूंवरील प्रसिद्ध रचनेला अफगाण सुरावटींची जोड देऊन ‘अफगाणिस्तानचे चार ऋतू’ अशी रचना त्यांच्यासाठी तयार करण्यात आली होती. संस्थेत व्हायोलिन शिकविणारे अमेरिकन शिक्षक विल्यम हार्वी ह्यांनी ती बांधली होती. अशा मिश्रणाबद्दल जाणकारांत मतभेद असतात, आणि ते रास्तही आहेत. पुष्कळदा देशी वाद्याला केवळ शोभेपुरते मध्यभागी बसवितात आणि मूळ रचना जशीच्या तशी पुढे चालते. पण रस्त्यावर वस्तू विकणारे मूल काही वर्षांत त्या रंगमंचावर रबाब घेऊन बसले, ही गोष्ट त्या मतभेदाने लहान होत नाही.

संस्थेतील मुलींचे धैर्य हा स्वतंत्र प्रकरणाचा विषय आहे. घरच्यांचा विरोध, नातेवाइकांच्या धमक्या, वाद्य चादरीत लपवून नेणे, हे सर्व त्यांच्या वाट्याला आले. केवळ मुलींचा असा वाद्यवृंद येथेच उभा राहिला; त्याचे नाव ‘झोहरा’. फारसी परंपरेत झोहरा म्हणजे शुक्र, संगीताची अधिष्ठात्री. त्याचे संचालनही मुलीच करीत. जानेवारी २०१७ मध्ये स्वित्झर्लंडमधील दावोस येथे जगातील धनिक आणि राज्यकर्ते ह्यांच्या वार्षिक परिषदेत त्यांनी वादन केले. महाराष्ट्राला हा विरोध अपरिचित नाही. कुलीन घरच्या मुलीने गाणे शिकणे हे आपल्याकडेही एके काळी निंद्य मानले जाई. कुरुंदवाडचे विष्णु दिगंबर पलुस्कर ह्यांनी १९०१ साली लाहोरात गांधर्व महाविद्यालय स्थापिले आणि घराण्याच्या उंबऱ्याआड राहिलेले संगीत शाळेच्या वर्गात आणले, त्यालाही पुष्कळ टीका सोसावी लागली. लाहोर तेव्हा मराठी गायकाच्या दृष्टीने परमुलूखच होता. त्या शहराने आश्रय दिला नसता तर तो प्रयोग कोठे व कसा उभा राहिला असता हे सांगता येत नाही.

काबूलच्या संस्थेची वाट मात्र ह्याहून फार बिकट होती. ११ डिसेंबर २०१४ रोजी शहरातील फ्रेंच सांस्कृतिक केंद्रात विद्यार्थ्यांचा सहभाग असलेला एक प्रयोग चालू असता प्रेक्षकांत आत्मघातकी स्फोट झाला. डॉ. सरमस्त गंभीर जखमी झाले. त्यांची श्रवणशक्ती गेली. संगीतज्ञाचे कान जावेत ह्यासारखा आघात नाही. ऑस्ट्रेलियात उपचार झाले, काही प्रमाणात ऐकू येऊ लागले, आणि ते पुन्हा काबूलला जाऊन शाळेत उभे राहिले. २०१८ साली स्वीडनचे मानाचे पोलर संगीत पारितोषिक त्यांना व संस्थेला मिळाले.

१५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबानने काबूल दुसऱ्यांदा घेतले. शाळा बंद पडली. तिच्या आवारात सशस्त्र पहारा बसला. वाद्ये आत राहिली. मुलांनी घरी असलेली वाद्ये लपविली, कित्येकांनी छायाचित्रे नष्ट केली, कारण वादकाचा पुरावा जवळ असणे धोक्याचे होते. ऑगस्टअखेर विद्यार्थ्यांना बसमधून विमानतळावर नेण्याचा एक प्रयत्न झाला. अनेक तास थांबूनही फाटक उघडले नाही आणि मुले घरी परतली. डॉ. सरमस्त त्या वेळी मेलबर्नमध्ये होते. तेथून त्यांनी निरनिराळ्या सरकारांशी, दात्यांशी, नामवंत संगीतकारांशी संधान बांधले. चेलोवादक यो-यो मा ह्यांनीही आपला शब्द खर्ची घातला. कतार सरकारच्या मदतीने ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये तुकड्यातुकड्यांनी विमाने दोह्यास गेली. १३ डिसेंबर २०२१ रोजी विद्यार्थी, शिक्षक आणि त्यांचे काही कुटुंबीय अशी एकूण २७३ माणसे लिस्बनला पोहोचली. पोर्तुगालने संपूर्ण शाळेला एकत्र आश्रय दिला होता.

‘एकत्र’ ह्या शब्दात सारे काही आले. निर्वासितांना सामान्यतः जेथे जागा मिळेल तेथे विखरून ठेवण्यात येते. व्हायोलिन वाजविणारा मुलगा एका गावी, तबलजी दुसऱ्या, आणि उस्ताद तिसऱ्याच देशात, अशी वाटणी झाली असती तर प्रत्येकाचा जीव वाचला असता, पण शाळा उरली नसती. सुरुवातीस ह्या मंडळींची सोय लिस्बनमधील जुन्या लष्करी रुग्णालयाच्या इमारतीत झाली. २०२२ मध्ये ती उत्तर पोर्तुगालमधील ब्रागा आणि गिमाराइश ह्या शेजारच्या शहरांत राहावयास गेली. ब्रागा येथील कालूश्त गुलबेंकियन संगीत विद्यालयात मुलांना प्रवेश मिळाला. पोर्तुगीज भाषा, नेहमीचे विषय आणि पाश्चात्त्य संगीत ह्यांचे शिक्षण तेथे होऊ लागले. अफगाण संगीताचे वर्ग त्यांच्या स्वतःच्या शिक्षकांनी चालू ठेवले.

आश्रयदात्या देशाची खरी कसोटी ह्या शेवटच्या बाबीत असते. परक्या मुलाला जेवण, अंथरूण आणि आपली भाषा देणे हे कर्तव्य बहुतेक सुसंस्कृत राष्ट्रे पार पाडतात. त्याचे स्वतःचे गाणे त्याच्याजवळ राहावे ह्यासाठी वेळापत्रकात तास राखून ठेवणे ही त्यापुढची पायरी होय. तो तास नसता तर ही मुले चांगले युरोपीय वादक झाली असती आणि रबाब एका पिढीत संपला असता. त्यांच्या मायदेशात रबाब वाजविण्यास आज मोकळीक नाही. जुलै २०२३ मध्ये हेरात प्रांतात जप्त केलेल्या वाद्यांची होळी करण्यात आली. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने रबाब घडविण्याची व वाजविण्याची कला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. त्या नोंदीत अफगाणिस्तान, इराण, ताजिकिस्तान आणि उझबेकिस्तान ह्या चार देशांची नावे आहेत.

ह्या कथेतील उणिवाही सांगितल्या पाहिजेत. कित्येक मुले आईवडिलांवाचून आली. वडीलधाऱ्यांना आणण्याची खटपट वर्षानुवर्षे चालली. रात्री वसतिगृहात दूरध्वनीवर आईचा आवाज ऐकून सकाळी स्वराभ्यासास बसणाऱ्या मुलाच्या मनाची अवस्था ज्याने आश्रमशाळेत काम केले आहे त्या शिक्षकाला कळेल. काही विद्यार्थी पुढे पोर्तुगाल सोडून युरोपातील इतर देशांत निघून गेले. सर्व देशांची दारेही सारख्याच तत्परतेने उघडली नाहीत. मार्च २०२४ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यासाठी ह्या मुलांना प्रवेशपरवाने प्रथम नाकारण्यात आले, आणि सार्वत्रिक निषेध झाल्यावर तो निर्णय फिरविण्यात आला. लंडनचे वादन ठरल्याप्रमाणे झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अफगाण युवक वाद्यवृंद पुन्हा एकदा कार्नेगी हॉलमध्ये वाजला. २०१३ साली तो काबूलहून गेला होता. ह्या वेळी ब्रागाहून गेला.

हा विषय वर्गात कसा घ्यावा ह्याविषयी दोन शब्द. आपल्या शाळांतून ऊसतोडीच्या हंगामात दुसऱ्या जिल्ह्यांतील मुले येतात, तांड्यावरील गोरमाटी बोलणारी मुले येतात, वीटभट्टीवरची येतात. वर्गातील इतर मुले त्यांच्या बोलीला हसतात, हा अनुभव नवा नाही. त्यांना एखादे गाणे म्हणावयास सांगताना त्यांना नमुना म्हणून पुढे उभे करू नये. मूल संकोचते आणि वर्ग तमाशा पाहिल्यासारखा पाहतो. त्याऐवजी त्या मुलाने साऱ्या वर्गाला गाण्याच्या दोन ओळी शिकवाव्यात. उच्चार चुकेल तो इतरांचा आणि दुरुस्त करील तो नवागत. काबूलात व्हायोलिनवाल्याचा चुकलेला पाय रबाबवाला दुरुस्त करी तो असाच. पाहुण्या मुलाचा त्या तासापुरता तरी हात वर राहतो, आणि पुढच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत ते गाणे इतर मुले आपण होऊन म्हणू लागतात की नाही एवढे शिक्षकाने दुरून पाहावे.

श्रवणासाठी फार साधने लागत नाहीत. हातातील दूरध्वनीवर रबाबवादन मिळते, सरोदवादनही मिळते. मुलांना वाद्याचे वा देशाचे नाव आधी सांगू नये. प्रथम रबाब ऐकवावा, मग सरोद, आणि कोणत्या आवाजात कातडे ऐकू येते, कोणत्यात पत्रा, हे त्यांनाच विचारावे. तिसरी-चौथीची मुले बहुधा बरोबर सांगतात. मोगोली ताल टाळीवर धरावयास सांगावा: तीन, दोन, दोन. ताल जमला की मग भिंतीवरचा नकाशा उघडावा आणि काबूल, दोहा, लिस्बन, ब्रागा अशी ठिकाणे मुलांकडूनच दाखवून घ्यावी. जगाच्या लहान नकाशात ब्रागा सहसा छापलेले नसते. तेथे खडूने एक टिंब द्यावे.